सत्तरीनंतरचे कार्ड आणि जुनी पॉलिसी

29 ऑक्टोबर 2024 पासून सत्तरी गाठलेल्या प्रत्येकाला, उत्पन्न कितीही असो, आयुष्मान वय वंदना कार्ड मिळते. भरती होऊन घेतलेल्या उपचारांना वर्षाला 5 लाखांपर्यंत संरक्षण, जुना मधुमेह किंवा बीपी असला तरी पहिल्या दिवसापासून. नवरा-बायको दोघेही सत्तरीपुढचे असतील तर ही रक्कम दोघांत मिळून. नोंदणीला आधार पुरते.

कार्ड हाती आले की सभासद विचारतात, आता पॉलिसीचा हप्ता कशाला भरायचा? माझे मत, घाई करू नका. खाजगी पॉलिसी असली तरी कार्ड मिळते (सीजीएचएस, ईसीएचएसवाल्यांना मात्र एकच निवडावे लागते). मोठ्या आजारात आपण बुऱ्हाणपूरहून इंदूर नाहीतर जळगाव गाठतो. कार्ड राज्याबाहेरही चालते, पण योजनेतल्याच दवाखान्यांत. तुमचा नेहमीचा दवाखाना यादीत आहे का, हे आधी 14555 वर विचारा. पॉलिसी सोडून पुन्हा नवी घेतली, तर जुन्या आजारांसाठी तीन वर्षांपर्यंत थांबावे लागू शकते. शिवाय 22 सप्टेंबर 2025 पासून वैयक्तिक पॉलिसीवरचा 18 टक्के जीएसटी गेला आहे.

हप्ता जडच वाटत असेल तर पॉलिसी दुसऱ्या कंपनीत पोर्ट करा. त्यात थांबण्याची सरलेली वर्षे जमेस धरतात. सल्ला मात्र विकणाऱ्याकडून नको. बँकेच्या काउंटरवरही विम्याचे टार्गेट असते, ते आम्ही जवळून पाहिले आहे.