दगडावर चढणारी गाडी

पालकहो, रिमोटवर चालणाऱ्या गाड्यांत रॉक क्रॉलर नावाचा एक प्रकार असतो. ही गाडी पळण्यासाठी नाही, तर दगडधोंड्यांवरून हळूहळू चढून जाण्यासाठी बनवलेली असते. माझ्या भाच्याने वर्षभर पैसे साठवून तशी एक स्वस्तातली गाडी घेतली. चाळीमागच्या दगडांच्या ढिगावर तिने पहिल्याच दिवशी तीन वेळा उलटी कोलांटी खाल्ली. दुकानदाराने सांगितले, "पितळेचे सुटे भाग टाका." त्या भागांची किंमत गाडीच्या निम्मी! पोराचा चेहरा पडला.

मी म्हटले, आधी हिशेब बघू. घरातल्या वजनकाट्यावर पुढची दोन चाके ठेवली, मागच्या चाकांखाली तेवढ्याच उंचीची वही. पुढे भरले 330 ग्रॅम. मग उलट करून मागे 410. दुखणे इथेच होते. सायकलच्या कॅरिअरवर गॅसची टाकी बांधून चढ चढणाऱ्याला विचारा, पुढचे चाक कसे उचलते ते. चढावर भार आपोआप मागे सरकतो, म्हणून क्रॉलरचे वजन मुळातच पुढे जास्त आणि शक्य तितके खाली हवे.

बॅटरी मागच्या आसावर उंच बसवली होती. 90 ग्रॅमची ती बॅटरी काढून गाडीच्या मधोमध, सांगाड्याला खेटून रबरबँडने बांधली. यात एक पैसाही गेला नाही. मग टायरवाल्याकडून चाकाला चिकटवायची लोखंडी वजने आणली, पाच-पाच ग्रॅमची. शिशाची घेऊ नका. मुलांच्या हाताला शिसे लागणे बरे नव्हे. पुढच्या चाकांचे टायर उतरवून आत रिमवर चाळीस-चाळीस ग्रॅम सारख्या अंतराने चिकटवले. वजन चाकातच का? टपावर ठेवले तर गाडी स्प्रिंगांवर डोलते आणि कलंडते. चाकातले वजन जमिनीलगत राहते. आता पुढे 455, मागे 365.

टायरच्या आतला स्पंज कडक होता. कात्रीने त्याच्या कडा कापून अरुंद केला. टायर दगडाच्या कोपऱ्यावर दबला पाहिजे, तरच पकड मिळते. स्प्रिंगची परीक्षाही सोपी आहे: एका पुढच्या चाकाखाली काड्यापेटी आडवी ठेवा, उरलेली तिन्ही चाके जमिनीला टेकली पाहिजेत. आमचे एक टेकेना. बॉलपेनच्या मऊ स्प्रिंगा बसवल्या, तेव्हा टेकले.

आणखी एक तपासणी. गाडी उचलून एक चाक हाताने फिरवा. त्याच आसावरचे दुसरे चाक उलट दिशेने फिरले, तर डिफरन्शियल मोकळे आहे. एक चाक हवेत गेले की सगळी ताकद तिथेच वाया जाते. असे डिफरन्शियल उघडून, ग्रीस पुसून, आतले छोटे दाते एम-सीलने बुजवतात. पण ते पुन्हा मोकळे होणे कठीण आणि गाडी वळायलाही मोठी जागा घेते, म्हणून घाई नको. आमच्या गाडीची दोन्ही चाके एकाच दिशेने फिरली. तो प्रश्न मिटला.

जास्त व्होल्टची बॅटरी लावण्याचा मोह मात्र भाच्याला होतोच. मी नको म्हटले. क्रॉलरला वेग नको, संथ जोर हवा. वर स्वस्तातली मोटर जळायची ती वेगळीच.

एकूण खर्च चहा-नाश्त्याइतका झाला. ज्या दगडावरून गाडी कोलांटत होती, त्यावर ती चौथ्या प्रयत्नात चढली. खाली उभी पोरे ओरडली. पण वळताना स्टिअरिंगची लहान मोटर कण्हू लागली; चाके जड झाली ना! भाचा म्हणाला, "मामा, थोडं वजन कमी करू." प्रत्येक चाकातले दहा ग्रॅम त्याने स्वतःच काढले आणि काटा परत मांडला: पुढे 435, मागे 365.