आधी झाड पाहावे, मग छत्री

कोकणातील कौलारू घरासाठी दूरचित्रवाणीची छत्री घ्यावयाचे ठरले, की डिशवाला प्रथम कौलांवर चढतो, तेथून आंब्याच्या अथवा फणसाच्या एखाद्या फांदीकडे बोट दाखवितो, आणि घरमालक, आजोबांनी लावलेले झाड एका मालिकेखातर छाटले जाणार म्हणून क्षणभर हळहळून, त्या फर्मानास मुकाट्याने रुकार देतो. ही कुऱ्हाड बहुतेक प्रसंगी अनावश्यक असते, असे माझे स्पष्ट मत आहे.

1972 साली मुंबईत आणि 1973 साली सिंहगडावरून पुण्यासाठी दूरदर्शनचे प्रक्षेपण सुरू झाले, तेव्हाच्या लहरींची लांबी मीटरांत मोजावी लागे. पानाफांद्यांची त्यांना फारशी क्षिती नव्हती, आणि ॲल्युमिनियमच्या नळ्यांचा सांगाडा जितका उंच चढवावा तितके चित्र स्वच्छ, हा व्यवहार रास्तच होता. ती क्षेपणकेंद्रे आता बहुतांशी बंद झाली. दूरदर्शनच्या डीडी फ्री डिश या सेवेचे कार्यक्रम सुमारे 36,000 किलोमीटरांवरील जीसॅट-15 या उपग्रहावरून येतात, त्या लहरीची लांबी जेमतेम अडीच सेंटिमीटर, आणि रसाने भरलेली दाट पाने तिला वाटेतच गिळून टाकतात. उंचीचा जुना दंडक मात्र लोकांच्या मनावर अद्याप अंमल गाजवीत आहे.

वस्तुतः रत्नागिरीच्या आसपास हा उपग्रह आग्नेयेस, क्षितिजापासून जवळजवळ 60 अंशांवर आहे. म्हणजे छत्रीपेक्षा 30 फूट उंच असलेल्या झाडाचा घेर जेथे संपतो, तेथून अठरा-वीस फूट मागे सरले तरी आकाश मोकळे मिळते, आणि एवढी जागा खळ्याच्या कोपऱ्यात किंवा गडग्याच्या कडेला सहसा असतेच. पाहणाराची फसगत होते ती निराळ्याच कारणाने: खालून पुढे आलेल्या दांड्यावर एलएनबी, म्हणजे लहरी टिपणारी डबी, असलेली ही तबकडी दिसते त्याहून वीस-पंचवीस अंश वर रोखलेली असते, आणि म्हणून समोरच्या ज्या माडावर ठपका येतो तो बिचारा पुष्कळदा निर्दोष असतो.

जागेची परीक्षा करावयास यंत्राचीही गरज नाही. ऑक्टोबरच्या आरंभी सकाळी अकराच्या सुमारास सूर्य आकाशाच्या नेमक्या या उपग्रहाच्याच भागात येतो. त्या वेळी जेथे निर्भेळ ऊन पडते, तेथे छत्री खुशाल रोवावी. (खाजगी कंपन्यांचे उपग्रह अन्यत्र असल्याने त्यांचा हिशेब वेगळा.) पावसाळा नुकताच सरलेला असल्यामुळे पालवीही तेव्हा भरगच्च असते, हा आणखी एक लाभ, कारण मार्चमध्ये निष्पर्ण सागाआडून उत्तम चाललेला संच जुलैत पाने भरताच मुका होतो, आणि दोष पावसाच्या माथी जातो.

साठऐवजी नव्वद सेंटिमीटरांची छत्री घेतल्यास पावसाच्या सरीत थोडा टिकाव लागतो हे खरे, परंतु फणसाच्या गर्द पर्णसंभारापुढे तिचीही मात्रा चालत नाही. शिवाय कौलांवर वानरांची ये-जा असतेच; त्यांच्या एका उडीने छत्री दोन अंश हलली तरी चित्र नाहीसे होते.

तेव्हा वाचकहो, डिशवाल्यास कौलांवर चढविण्यापूर्वी खळ्यात उभे करून आग्नेयेकडे पाहावयास लावा, आणि जी काही वायर अधिक लागेल तिचे पैसे कुरकुर न करता द्या.