ऋण काढून नाताळ

ऋण काढून सण करूं नये, हें आम्हां मराठी ख्रिस्ती लोकांस कोणी शिकवावें असें नाहीं. तरीही डिसेंबर उजाडला कीं देहूरोडसारख्या नोकरदार वस्तींतूनही हप्त्यांचा हिशेब सुरू होतो. "सण पोरांचा, हात आखडूं नये," हें त्याचें नेहमींचें समर्थन. तें आम्हांस मुळींच मान्य नाहीं.

पोरांना हवें तरी काय असतें? करंज्यांच्या सारणाचीं बोटें चाटणें, कामट्यांना पतंगी कागद चिकटवून तारा करणें, रात्रीच्या उपासनेहून कुडकुडत घरीं येणें. यांतील कशासही सावकार लागत नाहीं. विकतचें झाड लागतें तें शेजाऱ्यांच्या डोळ्यांसाठीं. आणि त्याचें देणें जूनमध्यें शाळेची फी भरतांना पोरांच्याच मुळावर येतें.

देहूरोडहून देहू जवळच. तेथें तुकोबांनीं आपल्या वांट्याचीं कर्जखतें इंद्रायणींत बुडविलीं, असें परंपरा सांगते. १८९५ सालीं ख्रिस्ती झालेले रेव्हरंड नारायण वामन टिळक तुकोबांच्याच सेतूवरून आपण ख्रिस्तचरणीं आलों असें म्हणत. त्या सेतूच्या पायथ्याशीं बसून आम्हीं सणासाठीं नवीं कर्जखतें लिहावीं, यासारखा विपर्यास दुसरा कोणता?

ही कृपणता, असें कोणी म्हणेल. नव्हे! रक्कम आधीं ठरवा. तिचे तीन वांटे करा: फराळ, कपडे, आणि दारीं येणारा. काटकसर करणें झाल्यास पहिल्या दोहोंत करा, तिसऱ्यास हात लावूं नका. गोठ्यांत जन्मलेल्याच्या सणास उसनी श्रीमंती शोभत नाहीं. दारांतून रित्या हातीं परतलेला शेजारी तर त्याहूनही शोभत नाहीं.