मास्टर तपासल्याशिवाय सही करू नका

कापडाच्या धंद्यात नमुन्याला फार किंमत आहे. जकार्डच्या पट्टीवर एक भोक चुकीच्या जागी पडले तर ती चूक प्रत्येक थानात शेवटच्या वारापर्यंत उमटत राहते. मागाचा त्यात काही दोष नसतो. त्याला जे सांगितले ते तो इमानदारीने विणतो. आवाजाची सीडी कारखान्यात छापून घेताना हेच घडते. ही गोष्ट मला हजार प्रती वाया गेल्यावर समजली.

२००४ साली आमच्या मोहल्ल्यातील शाळेच्या इमारत निधीसाठी मुशायरा झाला. त्याची सीडी काढून विकावी व येणारी रक्कम निधीत जमा करावी, असे सर्वांनी ठरविले. मी व्यापारी माणूस, म्हणून ते काम माझ्याकडे आले. ओळखीतल्या एका होतकरू मुलाने संगणकावर मास्टर तयार करून दिला. मी सुरुवातीची पाच मिनिटे ऐकली, माशाअल्लाह म्हटले आणि कारखान्याच्या फॉर्मवर सही ठोकली. फॉर्म इंग्रजीत होता. माझे शिक्षण उर्दू माध्यमात झाले. कोणाकडून वाचून घ्यावा एवढेही मला सुचले नाही.

माल आला आणि पहिली सीडी लावली. शायराच्या शेवटच्या शेरावर दाद उसळते, 'मुकर्रर'चा गजर सुरू होतो, आणि तिथेच आवाज कापला जाऊन दोन सेकंद सन्नाटा. मग पुढच्या शायराचे नाव अर्ध्यातून सुरू. प्रत्येक कलामानंतर हेच. तक्रार केली तेव्हा कारखान्याने फॉर्म पुढे केला. मास्टर ग्राहकाने तपासून मंजूर केला आहे, असे त्यावर लिहिलेले होते आणि खाली माझीच सही होती.

कारखाना काय करतो

आज बहुतेक लोक मोबाईलवर ऐकतात, हे खरे. पण नात, किरात, मुशायरे आणि बुजुर्गांची बयाने जपण्यासाठी आजही कोणी सीडी काढतात. अशांनी आधी एक फरक समजून घ्यावा. पन्नास-शंभर प्रती हव्या असतील तर कोऱ्या सीडीवर एकेक प्रत लिहून मिळते. त्यात चूक सापडली तर उरलेल्या प्रती थांबविता येतात. प्रती काही शेंच्या वर गेल्या की माल साच्यातून काढतात.

साच्याचे काम असे चालते. काचेच्या तबकडीवर प्रकाशाने बदलणारा लेप देतात व त्यावर तुमचा मास्टर लेसरने उतरवितात. तिच्यावर निकेल चढवून धातूचा ठसा काढतात. त्या ठशाने पॉलिकार्बोनेट प्लास्टिकच्या १२० मिलिमीटर व्यासाच्या चकत्या दाबून निघतात. मग ॲल्युमिनियमचा पातळ थर, त्यावर लाखेचा लेप आणि शेवटी छपाई. काच एकदा तयार झाली की तुमची चूक कायम झाली. दुरुस्ती म्हणजे नवी काच, नवा ठसा आणि नवा खर्च.

चुका कुठे होतात

पहिली चूक आमच्यासारखी. संगणकावरून सीडी दोन तऱ्हांनी लिहिता येते. एका तऱ्हेत प्रत्येक तुकड्यानंतर लेसर थांबतो व सहसा दोन सेकंदांची मोकळी जागा सोडतो. दुसऱ्या तऱ्हेत पूर्ण सीडी एका दमात, न थांबता लिहिली जाते. हिला 'डिस्क ॲट वन्स' म्हणतात. कारखान्यासाठी दुसरीच तऱ्हा हवी. लेसर जिथे थांबतो तिथे कारखान्याच्या यंत्राला चूक दिसते. चांगला कारखाना अशी सीडी परत पाठवितो. आमची परत आली नाही.

दुसरी चूक मापाची. १९८० साली सोनी व फिलिप्स यांनी 'रेड बुक' नावाने आवाजाच्या सीडीचे नियम ठरविले. त्यात सेकंदाला ४४,१०० नमुने व प्रत्येक नमुना १६ बिटचा असे माप आहे, आणि जास्तीत जास्त ९९ तुकडे बसतात. व्हिडिओ कॅमेऱ्यात बहुधा ४८,००० चे माप असते. मुशायरा कॅमेऱ्यावरून घेतला असेल तर माप नीट बदलून घ्यावे लागते. नाहीतर आवाज संथ व जाड होतो. मूळ मर्यादा ७४ मिनिटांची होती, पुढे ती ८० च्या आसपास गेली. पण अगदी काठापर्यंत भरू नका. एक कलाम कमी घेतलेला बरा.

तिसरी चूक उतरलेल्या मालाची. एमपीथ्रीमध्ये आवाजाचा काही भाग आधीच टाकून दिलेला असतो. त्याची सीडी केली म्हणून तो परत येत नाही. धुऊन विटलेल्या कापडाला नवे थान म्हणून घडी घालण्यासारखे ते आहे. मास्टर नेहमी मूळ ध्वनिमुद्रणावरूनच करावा. तसेच आवाज मोठा करण्याच्या हौसेने तो वरच्या हद्दीपलीकडे ढकलू नये. तिथे तो फाटतो आणि फाटलेला आवाज शिवता येत नाही.

चौथी चूक हाताळण्याची. मास्टरवर कागदी लेबल चिकटवू नका. त्याने सीडीचा तोल जातो. बॉलपेनने लिहू नका. वरच्या बाजूचा लेप फार नाजूक असतो. मधल्या पारदर्शक कड्यावर पाण्याच्या शाईच्या मऊ पेनाने लिहा. सीडी कडेने धरा आणि पाकिटात नव्हे, कडक डबीत घालून पाठवा.

जाणकार आता सीडीऐवजी 'डीडीपी' नावाच्या फाईलींचा संच इंटरनेटवरून पाठवितात. त्यासोबत पडताळणीचा आकडा असतो. वाटेत एक अक्षर बदलले तरी तो जुळत नाही. सोय असेल तर हाच मार्ग धरावा. सीडीच द्यायची असेल तर तिची यंत्रावर तपासणी करून घ्या. सुधारता न येणारी एकही चूक तीत नसावी. किरकोळ चुका असतातच. रेड बुकप्रमाणे त्या सेकंदाला सरासरी २२० च्या आत असाव्या लागतात.

माझे म्हणणे

यंत्राची तपासणी झाली तरी कानाची तपासणी सुटत नाही. मुशायऱ्याची दाद कुठे कापली गेली, कोणत्या शायराचे नाव चुकले, हे यंत्राला कळत नाही. जो माणूस सही करणार आहे त्याने मास्टर पहिल्या सेकंदापासून शेवटच्या सेकंदापर्यंत, एका बैठकीत, स्वतः ऐकावा. हातात तुकड्यांची यादी व वेळा लिहिलेला कागद असावा. सव्वा तास लागतो. तेवढा वेळ मी दिला नाही.

सारखे दोन मास्टर करा. एक कारखान्याला द्या, एक आपल्याकडे ठेवा. आपण सौदा करताना कापडाचा तुकडा कापून दोन्ही बाजूंनी जपतो, तसेच हे. वाद झाला तर तोच पुरावा. पूर्ण माल काढण्यापूर्वी दोन-चार नमुना प्रती मागा. थोडे जास्त पैसे पडले तरी द्या. फॉर्म समजत नसेल तर समजणाऱ्याकडून ओळ अन् ओळ वाचून घ्या. कुरआन शरीफात सूरह बकरामध्ये उधारीचा व्यवहार लिहून ठेवण्याची ताकीद आहे. लिहिलेले वाचले नाही तर लिहिण्याचा फायदा काय?

शेवटी एक कडवी बात. आपल्या संस्था असे काम घरच्या मुलाकडून फुकटात करून घेतात आणि बिघडले की त्यालाच दोष देतात. त्या मुलावर मीही रागावलो होतो. ते चुकीचे होते. त्याला आम्ही मेहनताना दिला नव्हता, कारखान्याचे नियम दिले नव्हते, वेळही दिला नव्हता. मास्टर बनविणे हे हुनर आहे. जो शिकला आहे त्याला पुरते पैसे द्या आणि मग त्याच्याकडून पुरते काम मागा.

निधीतून गेलेले पैसे मी माझ्या दुकानातून भरून दिले, कारण ती लोकांची अमानत होती. पण तो मुशायरा मनासारखा लोकांच्या हाती गेला नाही. त्या रात्रीच्या शायरांपैकी काही आज हयात नाहीत. त्यांच्या आवाजामागची ती दाद आता कोणत्याही प्रतीत पुरी ऐकू येत नाही, आणि हे नुकसान मला कुठून भरून देता येत नाही.