सर्पगंधेचा हिशेब

झाडपाल्याच्या औषधांचा विषय निघाला की आपल्याकडे लगेच दोन तट पडतात. एक म्हणतो, पूर्वजांना सगळे ठाऊक होते. दुसरा म्हणतो, सगळी भोंदूगिरी. दोघांनीही सर्पगंधेची हकीकत एकदा ऐकावी.

सर्पगंधा म्हणजे गुडघाभर उंचीचे झुडूप. निद्रानाश, मनाचा क्षोभ, सर्पदंश अशा अनेक तक्रारींवर तिचे कडू मूळ पिढ्यान् पिढ्या दिले जाई. १९३१ साली कलकत्त्यात गणनाथ सेन आणि कार्तिकचंद्र बोस यांनी रक्तदाबावर व उन्मादावर तिचा गुण येतो असे लिहिले. पुढे आपल्या मुंबईत केईएम रुग्णालयातील डॉ. रुस्तम जाल वकील यांनी ५० रुग्णांना हे औषध देऊन त्यांच्या रक्तदाबाच्या नोंदी ठेवल्या. १९४९ साली त्यांचा निबंध ‘ब्रिटिश हार्ट जर्नल’मध्ये आला आणि जगाचे लक्ष वेधले गेले. १९५२ साली स्वित्झर्लंडमधील सिबा कंपनीच्या शास्त्रज्ञांनी मुळातून रेसर्पिन हे द्रव्य वेगळे काढले.

रेसर्पिन मज्जातंतूंच्या टोकांशी असलेला काही रसायनांचा साठा रिकामा करते. त्यामुळे रक्तवाहिन्या सैलावतात, रक्तदाब उतरतो, मन शांत होते. पण त्याच कारणाने नाक चोंदते, नाडी मंदावते आणि काहींच्या मनावर उदासीची छाया पडते. गुण आणि दोष एकाच मुळातले!

आम्हा मनोरीकरांना मोठ्या डॉक्टरकडे जायचे तर फेरीबोटीने मार्वे आणि तिथून बसने मालाड गाठावे लागते. तेव्हा घरबसल्या मिळणाऱ्या चूर्णाचा मोह मला समजतो. ओळखीच्या एका गृहस्थांनी रक्तदाबाच्या गोळ्या परस्पर बंद करून असेच चूर्ण सुरू केले. ‘नैसर्गिक आहे हो, अपाय कसला?’ दोन महिन्यांत हा बोलका माणूस गप्प गप्प राहू लागला. घरच्यांना वाटले, वयाचा परिणाम. डॉक्टरांनी खोदून विचारले तेव्हा कुठे चूर्णाची गोष्ट बाहेर आली.

रेसर्पिनची रोजची मात्रा पाव मिलिग्रॅमच्या आसपास असे. मुळातले त्याचे प्रमाण मात्र जमीन, ऋतू आणि झुडपाचे वय यांप्रमाणे बदलते. मग चिमूटभर चूर्णात किती गेले, हे कोण सांगणार? आणि सर्पदंशाला तर या मुळाच्या भरवशावर राहूच नये. तिथे रुग्णालयातले प्रतिविषच हवे.

मी जन्मभर बँकेत नोकरी केली. तिथे पैसे भरणारा कितीही सचोटीचा असो, रोकड मोजूनच घेतात. त्यात त्याचा अपमान नसतो. डॉ. वकिलांनी परंपरेची रोकड मोजून घेतली, म्हणून तर ती जगात चालली. आज चूर्णाच्या डबीवर मुळातल्या द्रव्याचे नेमके प्रमाण छापावे, अशी मागणी परंपरेच्या अभिमान्यांनीच सर्वांत आधी करायला हवी.

आणखी एक. मुळासाठी झुडूप उपटावे लागते. ही वनस्पती इतकी ओरबाडली गेली की १९९० पासून तिच्या आंतरराष्ट्रीय व्यापारावर निर्बंध आहेत. तेव्हा ऐकीव माहितीवर चूर्ण आणू नका. घेतच असाल तर वैद्यांना आणि डॉक्टरांना, दोघांनाही सांगा. आणि चालू गोळी मनाने बंद करू नका.