नाव ‘फेअरविंड्स’, पण सुकाणू कुणाच्या हातात?

तुम्ही जेवण मागवता किंवा तिकीट काढता, तेव्हा फोनवरचं ॲप म्हणजे नुसता काउंटर असतो. खरं काम लांबच्या सर्व्हरवर, ‘कंटेनर’ नावाच्या सॉफ्टवेअरच्या डब्यांत चालतं. हो, नाव बंदरातल्या डब्यांवरूनच आलंय, आपल्या न्हावा-शेवाला रचलेले दिसतात तसले. कुठला डबा कुठे चालवायचा, एक बंद पडला की दुसरा कधी सुरू करायचा, हे बघणारं सॉफ्टवेअर म्हणजे कुबरनेटिस. गूगलने ते 2014मध्ये सगळ्यांसाठी खुलं केलं. शब्द ग्रीक आहे, अर्थ सुकाणू धरणारा. लोगोतही जहाजाचं चाकच आहे.

हे सांभाळणं डोकेदुखीचं काम. म्हणून ते दुसऱ्यांना बसवून देणाऱ्या छोट्या सल्लागार कंपन्या निघाल्या. अमेरिकेतली फेअरविंड्स त्यातलीच. आधी तिचं नाव रिॲक्टिव्हऑप्स होतं, 2019मध्ये बदललं. मला हा बदल आवडतो. जुन्या नावात ‘बिघडलं की धावत येऊ’ असा सूर होता. नवं नाव प्रवासच नीट होईल असं सांगतं. सेटिंगमधल्या चुका दाखवणाऱ्या त्यांच्या मोफत टूलचं नावही पोलारिस, म्हणजे ध्रुवतारा!

फेअर विंड म्हणजे जायचंय तिकडेच नेणारा वारा. अमेरिकी नौदलात निरोप देताना ‘फेअर विंड्स अँड फॉलोइंग सीज’ म्हणतात. वारा अनुकूल असो, लाटा मागून येवोत. ऐकायला मस्त. पण यात एक गोम आहे. मोठी लाट मागून येऊन जहाजाच्याच वेगाने पुढे जायला लागली, की सुकाणूवरून वाहणाऱ्या पाण्याचा जोर घटतो. सुकाणू दाद देत नाही, जहाजाची मागची बाजू ढकलली जाते आणि जहाज आडवं फिरू शकतं. म्हणजे सगळं आपल्या बाजूने वाहतंय असं वाटतं, तेव्हाच सुकाणू सांभाळणं अवघड.

इंग्रेस एन्जिनएक्सचं मला तसंच झालेलं दिसतं. बाहेरून आलेली विनंती आतल्या योग्य डब्याकडे पाठवणारा हा कुबरनेटिसचा दारवान. फुकट, सोयीचा, जगभर वापरलेला. सांभाळणारे मात्र वर्षानुवर्षं एक-दोन जण, तेही फावल्या वेळात. मार्च 2025मध्ये त्यात 10पैकी 9.8 गंभीरतेची त्रुटी सापडली. नोव्हेंबरमध्ये जाहीर झालं, की मार्च 2026पर्यंतच जमेल तशी देखभाल होईल, पुढे सुरक्षा अपडेटसुद्धा नाही. कुबरनेटिसला चक्क सुकाणू समिती आहे बरं का! पण समितीने ठरवलं म्हणून कोड लिहिणारे हात मिळत नाहीत.

सल्लागारांना आता भरपूर काम आहे, कारण जुना दारवान काढून गेटवे एपीआयसारख्या नव्या पद्धतीकडे जायचं सोपं नाही. पण माझ्या मते सल्ल्यासाठी पैसे मोजणाऱ्या कंपन्यांनी त्यातला थोडा वाटा या एक-दोन जणांकडेही वळवायला हवा होता.

अडचण अशी, की देखभाल थांबली तरी आधीच बसवलेला दारवान बंद पडत नाही. ॲप उघडतं, ऑर्डर जाते, सगळं छान दिसतं. तुमचा कुणी मित्र सर्व्हरच्या बाजूला काम करत असेल, तर त्याला विचारा: तुमच्या दारावर अजून तोच आहे का?