अंतर नको, ब्लॉक टाइम छापा

पाकिस्तानची हवाई हद्द भारतीय विमानांना बंद ठेवणाऱ्या नोटामला आणखी एका महिन्याची मुदतवाढ मिळाली. २४ एप्रिल २०२५ पासून महिना संपत आला की हेच होते. आपली माहितीपत्रके मात्र जुनीच आहेत आणि सहलीहून परतलेल्या पर्यटकांच्या तक्रारी वाढत आहेत.

दिल्ली–अल्माटीचेच घ्या. ग्रेट सर्कल अंतर सुमारे १,६४० किलोमीटर, म्हणजे दिल्ली–बंगळूरहूनही थोडे कमी. या अंतराला सरासरी वेगाने भागून कुणी ‘अडीच तास’ छापतो आणि बाकीचे तो आकडा उचलतात. पण ती सरळ रेषा काराकोरम आणि शिनजियांगवरून जाते. दिल्ली–अल्माटीची विमाने त्या रेषेवरून जात नाहीत. दिल्लीची विमाने पश्चिमेला वळून पाकिस्तानवरून जात. ती वाट बंद होताच अल्माटी आपल्या विमानांच्या पल्ल्याबाहेर गेल्याचे सांगून इंडिगोने २७ एप्रिलपासून ही सेवा थांबवली. कझाकस्तानच्या एअर अस्तानाला ही बंदी लागू नाही. शहरे तीच, अंतर तेच, फरक कॅरियरचा. तरीही आयटिनररीत कॅरियरच्या जागी ‘थेट विमान’ एवढेच लिहिलेले असते.

सरकारी बाजूही धड नाही. एप्रिल २०२५ मध्ये डीजीसीएने विमान कंपन्यांना बजावले : वाढलेला वेळ आणि टेक्निकल हॉल्ट प्रवाशाला आधी कळवा, पुरेसे जेवण आणि औषधे विमानात ठेवा. सूचना योग्यच होती. पण सहा महिने आधी ग्रुपचे पैसे भरणाऱ्या एजंटचा तिच्यात विचारच नाही. महिन्याच्या मुदतीवर वर्षाची सहल कशी आखायची, हे कोणत्याही कार्यालयाने सांगितलेले नाही. बदललेल्या वेळापत्रकामुळे ग्रुप रद्द करावा लागला, तर दंडमाफीचा एकच लेखी नियम नागरी विमान वाहतूक मंत्रालयाने करावा. ही मागणी सर्व संघटनांनी एकत्र मांडली पाहिजे.

आता घरचा प्रश्न. कंपनीने कळवले तरी निरोप प्रवाशापर्यंत पोहोचत नाही, कारण पीएनआरमध्ये मोबाइल नंबर एजन्सीचा असतो. गिऱ्हाईक फुटेल, ही त्यामागची भीती. बुकिंगच्या वेळी पुरेसा संपर्क दिला नसेल, तर विमान रद्द झाल्यावर आर्थिक भरपाई मिळत नाही, असे डीजीसीएचा नियम सांगतो. म्हणजे आपल्या भीतीची किंमत पर्यटक मोजतो. इन्सुलिन घेणाऱ्या ज्येष्ठांना प्रवास दोन तासांनी लांबल्याचे विमानात बसल्यावर कळावे, ही या व्यवसायाला लाज आणणारी गोष्ट आहे.

तेव्हा सभासदांनो, नव्या हंगामाची पत्रके छापखान्यात जाण्यापूर्वी थांबा. अंतराचा रकाना काढून टाका. प्रत्येक सेक्टरसमोर कॅरियर, त्याचा ब्लॉक टाइम आणि तो तपासल्याची तारीख लिहा. पुण्या-नागपूरहून दिल्ली गाठणाऱ्या ग्रुपला कनेक्शनसाठी जास्तीचा वेळ ठेवा. आणि आजच प्रत्येक पीएनआर उघडून प्रवाशाचा स्वतःचा नंबर घाला.